पावतीचे पुढे काय

मी, विनायक रघुनाथ सबनीस, वय ६८, धंदा दस्तलेखन, आता निवृत्त, राहणार दुसरा मजला, जुने पनवेल, स्वतः टाइप करून लिहून ठेवतो की,

माझी बुद्धी शाबूत आहे. डोळे चालतात, हात थोडा थरथरतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात माझ्याखेरीज फक्त एक मांजर आहे. तीस वर्षे निबंधक कार्यालयाबाहेर बसून मी लोकांची मृत्युपत्रे टाइप केली आणि प्रत्येकात 'देहाचा भरवसा नाही' हे वाक्य न वाचता घातले. येत्या अठरा तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जन "होईल सगळं नीट" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले. म्हणून हे लिहिणे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव मुलगा निनाद यास. तो पुण्याला असतो. चांगला मुलगा आहे, फोन करतो. फ्लॅट विकायचा तर खुशाल विकावा. मात्र देवघराशेजारच्या भिंतीत त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, रंग देण्यापूर्वी एकदा येऊन पाहाव्यात.

२. माझा टाइपरायटर विश्वजीत यास. निबंधक कार्यालयाबाहेर माझ्या जागी आता तो बसतो. चारचौघांत त्याने या यंत्राला भंगार म्हटले होते. तेव्हा आता ते दोन जिने उतरवून नेण्याचा मानही त्यालाच.

३. माझी दिवंगत पत्नी सुमती हिचे शिलाई मशीन कृष्णाबाईंना. नऊ वर्षे त्या माझ्याकडे स्वयंपाक करतात. भाजीत मीठ कमी घालतात आणि विचारले तर म्हणतात, "तुमच्या हृदयाला चालत नाय." मशीनचा पट्टा बदलून द्यावा.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे पावती नावाची मांजर आहे. वय अंदाजे सहा, रंग राखाडी, डाव्या कानाला जुनी चीर. जिन्यात सापडली तेव्हा माझ्या पावतीपुस्तकावर जाऊन बसली आणि उठेना, म्हणून हे नाव. कायद्याने ती जंगम मालमत्ता आहे, म्हणजे खुर्ची किंवा कपाट असते तशी. तिला काही देता येत नाही, तिलाच कोणाला तरी द्यावे लागते. घेणाऱ्याला पुढील माहिती असावी.

पावतीच्या रक्तात मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू आहे. तीन वर्षांपूर्वी डॉ. अवधूत कर्णिक यांनी दोनदा तपासून सांगितले. हा रोग माणसाला होत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावले तरी लोक ऐकत नाहीत. मांजराकडून मांजराला मात्र होतो. लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका भांड्यात खाण्यातून. त्यावर औषध नाही. सांभाळणे एवढेच आहे. ती घराबाहेर जाता कामा नये आणि घरात दुसरे मांजर असता कामा नये. खिडक्यांना जाळ्या हव्यात. कच्चे मासे देऊ नयेत, बोंबील शिजवून द्यावा. तिचे तोंड येते, तेव्हा अर्धी गोळी तुपात घोळवून जिभेच्या मागे ठेवावी आणि गळा चोळावा. दर रविवारी पिशवीत घालून काट्याला अडकवावे. वजन सलग दोन आठवडे उतरले किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, उद्यावर ढकलू नये. ताप आला की ती न्हाणीघरातल्या बादलीमागे जाऊन बसते. तिथून ओढून काढू नये. शेजारी बसावे, ती आपण होऊन येते.

५. हिला कोण घेईल, हे मी चार महिने विचारत आहे. निनादला विचारले. तो म्हणाला, "बाबा, तुमचं ऑपरेशन आहे आणि तुम्ही मांजराचं काय घेऊन बसलात?" उत्तर कळले. माझी भाची अनुया कामोठ्याला असते. ती मांजरांवर जीव टाकते, म्हणूनच तिच्याकडे तीन आहेत, म्हणूनच तिच्याकडे पावती जाऊ शकत नाही. ज्यांना मांजरांची माया आहे त्या सगळ्यांकडे मांजरे आहेत, हे मला या चार महिन्यांत समजले. कृष्णाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मी नाय म्हनत नाय, भाऊ. पन आमच्या घराचं दार दिवसभर उघडं, वाडीतली समदी मांजरं आत-बाहेर. हिला कोंडू कुठं?" प्राणी सांभाळणाऱ्या दोन संस्थांमध्ये स्वतः जाऊन आलो. एकीने नाही म्हटले. दुसरीने पिंजरा दाखवला, अडीच फूट लांब, कोपऱ्यात, एकटा. मी रिक्षात बसेपर्यंत धीर धरला.

६. हे कलम कायद्याला नको आहे, मला हवे आहे.

मी लहान असताना आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचा कप वेगळा असे. खिडकीत, पालथा. त्यांनी तो स्वतः घ्यायचा, स्वतः विसळायचा, आणि आईने वरून चहा ओतायचा. मला त्याची फार लाज वाटे. मोठा झाल्यावर ठरवले की माझ्या घरात कोणाचे ताट वेगळे असणार नाही. ते मी पाळले. कृष्णाबाई माझ्याच कपातून चहा पितात. जिन्यातल्या मांजरांनाही मी एकाच परातीत वाढत असे. पाच-सहा तोंडे एका परातीत घातलेली पाहून मला बरे वाटे.

डॉक्टर म्हणाले, "सबनीस, हिचं ताट आजपासून वेगळं. बाहेर सोडायचं नाही." मी म्हणालो, "माझ्या घरात ताटं वेगळी होत नाहीत." ते म्हणाले, "अहो, हा रोग आहे, जात नव्हे." मला ते ऐकू आले, पण डोक्यात शिरले नाही. आठ दिवस मी पावतीला आत ठेवले. ती दाराला नखे मारत असे, बाहेर बाकीची जेवत असत, आणि मला तो खिडकीतला कप दिसे. नवव्या दिवशी दार उघडले. त्या वेळी मला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असे वाटले होते.

त्या परातीत समोरच्या फ्लॅटमधल्या मितालीचा सरदार येत असे. शाळेत गणित शिकवणारी, एकटी राहणारी मुलगी, आणि तिचा हा पांढरा बोका. पुढच्या दोन वर्षांत तो वाळत गेला. मितालीने रजा काढून त्याला सलाइने लावली, चमच्याने भरवले. गेल्या श्रावणात तो गेला. त्याच्या रक्तात हाच विषाणू निघाला. तिने मला विचारले, "काका, पावतीला काही होतं का? तुम्हाला माहीत होतं का?" मी नाही म्हणालो. पुन्हा विचारले, तेव्हाही नाही म्हणालो. तिने विश्वास ठेवला. अजून शनिवारी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणते. मी ती खातो.

मला माहीत होते. जिन्यातली बाकीची मांजरे पुढे काय झाली, हे विचारायची मला हिंमत नाही.

या इमारतीत खिडक्यांना जाळ्या असलेले, मांजर नसलेले आणि गोळी देण्याचा हात असलेले एकच घर आहे. तिथे मांजर का नाही, ते वर लिहिले आहे. त्यामुळे तिथे मागण्याचा मला अधिकार नाही आणि मी नाव लिहीत नाही.

७. माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत पावतीला कोणी घेतले नाही, तर तिला पिंजऱ्यात ठेवू नये. डॉ. कर्णिक यांनी घरी यावे आणि तिला इंजेक्शन देऊन कायमचे झोपवावे. टेबलावर नको. न्हाणीघरात बादलीमागे, ती बसते तिथे. शेजारी कोणीतरी बसावे. मी अजून जिवंत आहे, ती आत्ता माझ्या पायावर झोपली आहे, आणि मी तिच्या मरणाचे टाइप करत आहे. मला दुसरे काही सुचलेले नाही. ज्याला सुचेल त्याने कृपा करून करावे.

पुरवणी, स्वहस्ते

आज दुपारी साडेचारला साक्षीदार म्हणून डॉ. कर्णिक आणि मिताली आले. त्या दोघांसमोर मी सही केली. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही होताना पाहायची असते. हे मी तीस वर्षे प्रत्येकाला सांगत आलो. मितालीला सांगितले नाही. तिने कागद ओढून घेतले आणि पहिल्यापासून वाचले. डॉक्टर पंख्याकडे बघत बसले.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी दोनदा विचारलं होतं, काका."

"हो."

तिने कलम ४ चे पान पुन्हा वर घेतले. नंतर विचारले, "तुपात गोळी थुंकत नाही?" मी म्हणालो, कधीकधी थुंकते. ती म्हणाली, "लोण्यात द्यायची. सरदारला मी लोण्यात द्यायचे."

ती उठली, स्वयंपाकघरातून पिशवी आणि काटा घेऊन आली. म्हणाली, "तुम्ही गेल्यावर वगैरे नाही. मी तिला आत्ताच नेते." मी म्हणालो, अठरा तारखेपर्यंत तरी राहू दे माझ्याजवळ, सात दिवस तर आहेत. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नेत नाहीये मी. आणि माफही केलेलं नाही." मला रडू आले. ते तिने पाहिले आणि पिशवीचे तोंड उघडले. पावती आपण होऊन आत बसली. तिने मागे वळून पाहिले असे लिहिले तर ते खोटे होईल.

मी कलम ६ खोडायला घेतले. मितालीने हात धरला. "ते राहू दे. ते खरं आहे." सबब कलम ४, ५ आणि ७ रद्द केले आहेत. कलम ६ कायम आहे. खाडाखोड मला मान्य. माझ्या मालमत्तेत आता मांजर नाही.

मग सवयीने मी तिला तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक साक्षीदाराला विचारत आलो, कारण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला मिळालेले रद्द होते. "यातून तुला काही मिळतं का?"

ती म्हणाली, "नाही," आणि सही केली.

ठिकाण: पनवेल
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) विनायक रघुनाथ सबनीस

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:

१. (सही) डॉ. अवधूत कर्णिक, पशुवैद्य, पनवेल

२. (सही) मिताली गोरे, दुसरा मजला, समोरचे दार