दुसऱ्या हाकेला उठणारं मढं

आण्णा, तुमचं मढं परवा धाराशिवच्या थेटरात उठलं. आधी हेच सांगायचं होतं, बाकीचं नंतर.

आपल्या तेर गावात शाळेपुढं दरवर्षी तुम्ही जे नाटक बसवायचा, त्याचा मी सिनेमा केला. दोन चोर एका घरात शिरतात, घरमालकाला आधीच कुणीतरी मारून टाकलेलं, आणि खून आपल्या अंगावर येऊ नये म्हणून ते मढं लपवत फिरतात. मढं तुम्ही. मला अजून दिसतं, तुम्ही बाजेवर पडलेले, नाकात कापूस, चोर तुमचे पाय ओढतायत, आणि बायकांत बसलेली आई पेंगता पेंगता दचकून जागी होते. समोर तुम्ही झोपलेले दिसताच तिला सकाळच झाल्यासारखी वाटते. "अहो, उठा की, भाकरी गार व्हायली." रोज तुम्हाला उठवायला तिला दोन हाका लागायच्या. तिनं दुसरी मारली आणि तुम्ही सवयीनं उठून बसलात, "व्हय, आलो." एक चोर खरंच घाबरून स्टेजवरून खाली पडला. लोक हसून हसून लोळायला लागले. घरी आल्यावर तुम्ही आईवर भडकलात, "नाटकाचं पार मातेरं केलंस की." पण पुढच्या वर्षी लोकांनी तेच मागितलं, आणि आईची हाक नाटकात कायमची राहिली.

सिनेमात हा प्रसंग ठेवावा की नाही, या विचारानं माझी झोप उडाली होती. तुम्ही गेलात त्या सकाळीही आईनं तशीच हाक मारली होती. तिला हे बघवेल का? शेवटी ठेवला, आणि पहिल्या खेळाला तिला घेऊन गेलो. सगळे पडद्याकडं बघतायत, मी आईकडं. पडद्यावरची बायको हाक मारते, मढं टुणकन उठतं, थेटर खदखदून हसतं. मग आईनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ह्यो लई लवकर उठला. तुझे आण्णा दुसऱ्या हाकेला उठायचे."

आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सिनेमात माझी चूक निघाली, पण आण्णा, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

हे पत्र टाकणार तरी कुठं, राहील माझ्यापाशीच. एवढंच सांगतो. त्या सकाळी आई एक हाक मारून गप्प झाली. डॉक्टर येईपर्यंत मी तुमच्या उशाशी बसून तिच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो.