बाळंत घर

माय, परवा एका बाईनं मला भर अंगणात चांडाळीण म्हटलं. मला काही फार लागलं नाही. तुला हेच म्हणणाऱ्या बाया मी लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे शब्द घरचाच वाटला. तुझ्या माघारी मात्र तुझं कौतुकच कानावर येतं. धनजला जा, इंझोरीकडे जा, म्हातारे सांगतात की पुरात भिजलेलं घर उभं करावं तर तिनंच. मेली म्हैस मणभर दूध देते म्हणतात, त्यातला प्रकार. तू जिवंत होतीस तेव्हा याच म्हाताऱ्यांनी तुला दारातून शिव्या घातल्या होत्या. मी तिथंच उभी होते, मला आठवतं. आणि त्या शिव्या अगदीच खोट्या होत्या असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

तुझं कामच असं होतं की तुला कुणी चांगलं म्हणू नये. नाल्याचं पाणी घरात शिरून ओसरलं, की माणसाला एकच घाई असते, परत घर मांडायची. चूल लावायची, देव जागेवर ठेवायचे, भिंतीला निळा चुना फासून झालं गेलं विसरायचं. नेमकी तेव्हा तू यायचीस. डोक्यावर घमेलं, त्यात थापी आणि कुदळ. शिरपूरच्या बसमध्ये देवदर्शनाला निघालेल्या बाया तुझं ते मातीनं माखलेलं घमेलं बघून लुगडं आवरून सरकायच्या, आणि तू मुद्दाम त्यांच्याच शेजारी बूड टेकायचीस. गावात पोचलीस की आधी घरातली माणसं बाहेर काढायचीस, म्हातारंकोतारंसुद्धा. "घर बाळंत हाये," म्हणायचीस. "सव्वा महिना आत कोनी निजायचं नाय." लोक हसायचे. मग बाई थट्टा करत नाही हे कळलं की चिडायचे. तोवर तू कुदळ चालवायला घेतलेली असायचीस.

गाळ ओला असतानाच उपसायचा, वाळला की हलत नाही. भिंती वरून खाली धुवायच्या. पाणी जिथवर चढलं होतं त्याच्याही हातभर वरपर्यंतचा गिलावा पाडायचा, कितीही धडधाकट दिसला तरी पाडायचा. दारं-खिडक्या बिजागऱ्यांतून काढून सावलीत उभ्या करायच्या. भुई खणून उलटी करायची. आत जाळ करायचा नाही, नुसता वारा खेळू द्यायचा. आणि थांबायचं. हे थांबणंच लोकांना सोसायचं नाही. तू रोज सकाळी यायचीस, भिंतीला गाल लावायचीस, डोळे मिटायचीस. "वल हाये," एवढंच बोलून चालती व्हायचीस. कुणी सिमेंटचं नाव काढलं तर अंगावर जायचीस. "सिमिट मंजे भितीच्या तोंडात बोळा. वल आत कोंडली का भित आतून कुजते." आणि तुझं ते दुसरं वाक्य तर आजही माझ्या कामावरची माणसं म्हणतात: भित पान्यात नाय पडत, उनात पडते. पूर ओसरतो, दोन-चार दिवस छान ऊन पडतं, माणसं निर्धास्त होऊन आत निजतात, आणि मातीची भिंत खालीच बसते. तुझा बाप अशाच भिंतीखाली गेला. हे मला आजीनं सांगितलं, तू कधीच नाही.

मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले ते साल पाण्याचंच होतं. मी तालुक्याच्या दवाखान्यात असताना इकडे नाला आपल्या घरातून गेला. मला कुणी सांगितलं नाही, बाळंतिणीला कोण सांगणार. तिसऱ्या दिवशी सोडलं तर मी थेट घरी. ऑटोतून उतरते आहे, छातीशी चिरगुटात गुंडाळलेली पोर, वरून बुरबुर पाऊस. तू दारात उभी. पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. मला वाटलं पोरीला घ्यायला हात पुढं करशील.

"आत नोको येऊ," तू म्हणालीस.

"माय, पानी येऊन राह्यलं."

"दिसते मले. घर बाळंत हाये. तूबी बाळंत. दोन बाळंतिनी एका खोलीत ठेवत नसतेत."

दोन बाळंतिणींनी एकमेकींना पाहू नये म्हणतात आपल्याकडे, हे मलाही ठाऊक होतं. पण त्या रिवाजात चार भिंतींना धरणारी बाई जगात तू एकटीच. मला वाटलं बोलून दाखवतेस, घेशील आत. तू घेतलं नाहीस. उंचवट्यावरच्या गोठ्यात, पत्र्याखाली, कडबा पसरून माझी बाज टाकलीस. "म्हशीची ऊब असते," म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं उचलून लोकांच्या भिंतींना गाल लावायला निघून गेलीस. माझ्या लेकीच्या गालाला तू एकदाही गाल लावला नाहीस, माय. मी वाट पाहत होते.

शेजारची काकू पेज आणून द्यायची, शेगडी पेटवून द्यायची. पत्रा दोन ठिकाणी गळत होता, वारा आरपार. काकू आपल्या घरात डोकावून आली आणि मला म्हणाली, "भिती तं पक्क्या दिसून राह्यल्या वो. काहून निजवलं तुले अठी जनावरात?" मी तुला संध्याकाळी तेच विचारलं. तू पायाला तेल लावत बसलीस, स्वतःच्या. पोरीला आधी खोकला झाला, मग धाप. दवाखान्यात नेलं, औषध दिलं, परत गोठ्यात आणलं. आणायला दुसरी जागा होती कुठं? एका दुपारी म्हैस रवंथ करत होती आणि पोरीचा श्वास थांबला. इतकं साधं होतं ते. मी काकूला हाकसुद्धा उशिरानं मारली.

तुला निरोप गेला, तू आलीस. हातावरची माती धुतलीस. पोरीला मांडीवर घेऊन कोमट पाण्यानं आंघोळ घातलीस, कानामागून, बोटांच्या बेचक्यांतून, काही घाई नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "भितीखाली गेली असती तं तिच्यासंग तूबी गेली असती." लेकरू गेलेल्या पोरीला तिच्या आईनं म्हटलेलं हे वाक्य. मी पुष्कळ वर्षं यात माया शोधली. असेलही थोडी, मला काही सापडली नाही.

सव्वा महिना झाला. तू घर नव्यानं लिंपलंस. माती मळून कुजवलेली, त्यात भुसा, वरून चुन्याचा हात, असं काम तुझ्या हातून दुसरीकडे कुठं झालेलं मी पाहिलं नाही. मग गोठ्याच्या तोंडाशी येऊन म्हणालीस, "ये आता. वाळलं." मी रिकाम्या ओटीनं आत गेले. भिंत कोरडी ठणठणीत. मी त्याच भिंतीकडे तोंड करून निजायला लागले आणि रोज तिच्यात तडा शोधायला लागले. आज खरं सांगते, ती भिंत बसली असती तर मी तुला माफ केलं असतं. एक कोपरा ढासळला असता तरी चाललं असतं. मग मला म्हणता आलं असतं, बघ, मायनं आपल्याला वाचवलं. पण ती पडली नाही. तुझ्या हाताच्या गुणानं पडली नाही की मुळातच पडणार नव्हती, हे आता देवालाच ठाऊक. अजून उभी आहे. भाडेकरू राहतात, त्यांनी तिच्यावर टीव्ही टांगलाय.

सासरच्यांनी सांगून पाठवलं की आता येण्याची गरज नाही. मग मी तुझ्या मागं घमेलं धरलं. दुसरं काय करणार होते? धनजला एका घरी मी आतल्या भिंतीला सिमेंटचा हात मारला होता, घरधनी फार मागं लागला म्हणून. तू आलीस, पाहिलंस, आणि थापीच्या उलट्या बाजूनं सगळा गिलावा पाडलास, वर त्याच हातानं माझ्या तोंडात दिलीस. घरातली माणसं बघत होती. "मानसाले उशीर झाला तं मानूस बोंबलते," तू म्हणालीस. "भित बोंबलत नाय. सरळ बसते." तो गाल पुढं दोन दिवस सुजलेला होता आणि तू त्याच गालानं मला भिंत तपासायला लावलीस. शिकवलंस मात्र पक्कं. आता मी टेंपो घेऊन जाते, पाणी उपसायचा पंप आहे, मोठे पंखे आहेत, भिंतीतली ओल मोजायचं यंत्र आहे. माझी माणसं आधी विजेचा मीटर बंद करतात, हातमोजे घालतात. बाकी सगळं तुझंच. लोकांना मी अजून सांगते, घर बाळंत आहे.

परवाचं घर इंझोरीच्या अलीकडच्या वस्तीतलं. कच्च्या विटांची भिंत, छातीपर्यंत पाणी चढून गेलेलं. मी गेले तेव्हा त्यांनी आतून सिमेंट लावायला सुरुवात केली होती, कारण लेक बाळंत होऊन दवाखान्यातून त्याच दिवशी यायची होती. मी ते सिमेंट पाडायला लावलं. तेवढ्यात गाडी आली. अठरा-एकोणीसची पोर उतरली, छातीशी गुंडाळलेलं बाळ. तिची आजी मला म्हणाली, "बाई, तुमचं काम तुमी करा, लेकराले आत घेतो आमी." मी दारात आडवी उभी राहिले.

"आत कोनी निजायचं नाय. भित ओली हाये."

"मंग कुठी नेऊ? शाळेत जागा नाय उरली. तुमीच सांगा."

माय, मला दोन्हीकडचं मरण माहीत होतं. एक भिंतीखालचं, जे तू पाहिलं होतंस, आणि एक गोठ्यातलं, जे माझ्या हातात झालं. त्या दारात उभं राहून मला दोन्हीतलं एक निवडायचं होतं, आणि माझ्या तोंडून आलं, "गोठ्यात न्या." ताडपत्री दिली माझ्याजवळची, चारी बाजूंनी बांधून दिली, लाकडी फळ्या टाकून दिल्या. पण शब्द तुझाच होता, आवाजही तुझाच. त्या पोरीनं नुसतं बाळाचं तोंड पदरानं झाकलं. आजी बोलली. चांडाळीण म्हणाली, वांझोटी म्हणाली. दुसरं खरं नव्हतं आणि खोटंही नव्हतं.

आज सकाळी माझ्या गवंड्याचा फोन आला, बाई, ते लोक रातच्याला आत निजले. मी निघाले. वर लखलखीत ऊन, चांगलं तापलेलं, तुझ्या वाक्यातलं ऊन. पोचले तर आजी त्याच भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून, पायांवर बाळ, आणि त्याला तेल चोळत होती. मला पाहून हसली. "काय वो बाई, पडली का तुयी भित?" मी भिंतीला गाल लावला. गार, ओली, तळापासून. माणसांना सांगितलं, दोन्ही बाजूंनी टेकू लावा, आणि घरच्यांना म्हटलं, अजून ऐका, बाहेर निघा. "टेकू कायले? उभी तं हाये," आजी म्हणाली. कुणी निघालं नाही. मी टेकू लावून घेतले, पाचर स्वतः ठोकली, आणि परत आले.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहिता आलं. कुणाला देऊन वाचून घ्यायची सोयही आता राहिली नाही, तेव्हा हा कागद शेगडीत जाईल. जाण्याआधी एक सांगते, दुसऱ्या कुणाजवळ सांगायची छाती नाही. सकाळी टेंपोत बसल्यापासून रस्ताभर मला ती भिंत पडलेलीच दिसत होती. मातीचा ढीग, आरडाओरड, आणि मी ढिगाशेजारी उभी राहून तुला म्हणते आहे, माय, तुझं बरोबर होतं. मग मी तिथं पोचले. भिंत उभी होती, बाळ तेलानं चकाकत हात-पाय झाडत होतं, आणि माझा हिरमोड झाला.