तलवार टाकलेला माणूस

१२ जानेवारी, रविवार
आज शूटिंग. ऐतिहासिक सिनेमात मी सैनिक. आणि चक्क एकट्याला क्लोजअप! लढाई संपल्यावर प्रेतांकडे बघायचं, 'आता रक्त पुरे' म्हणायचं, तलवार फेकून द्यायची. डायरेक्टर म्हणाले, आधी चेहरा असा तापू दे की बघणारा टरकला पाहिजे. वन टेकमध्ये ओके. कुठे शिकलात, विचारत होते. म्हटलं, आतून येतं.
परत येताना ठरवलं, आजपासून मीही शस्त्र टाकलं. राग बंद म्हणजे बंद. मेघाली दिवाळीत आमच्या सान्वीला घेऊन माहेरी खडवलीला गेलीय ती गेलीच. हे कळलं की धावत येईल.

१३ जानेवारी
वागळे इस्टेटला वर्कशॉपमध्ये जाहीर केलं, आता मी शांत माणूस. सोबत काम करणारा नयन हसला. अंगावर धावून गेलेलो, पण हात लावला नाही. प्रगती आहे.

१९ जानेवारी
खडवलीला फोन. सासूबाई म्हणाल्या, मेघालीला बोलायचं नाहीये. फोन भिंतीवर आपटला. फोन माझा, भिंत माझी. ह्यात हिंसा कुठे आली?

२ मार्च
महिनाभर घरात एकदाही ओरडलो नाही. ओरडणार कोणावर म्हणा. आज परत तिघांचा भात लावला. फार एकटं वाटतं, च्यायला.

८ ऑगस्ट
सिनेमा लागला! मेघाली यायला तयार. सान्वीला पडद्यावर बाबा बघायचाय, एवढंच म्हणाली. एवढंच कसं? सिनेमा बघून थेट ठाकुर्लीला घरी येतील, मी ओळखतो ना तिला. चादरी धुतल्या. सान्वीसाठी श्रीखंड आणलं. इस्त्रीवाल्या भगवानने शर्ट उशिरा दिला, तर नुसता ओरडलो.

१० ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ
कल्याणला दुपारचा शो. सान्वी आमच्या मध्ये बसलेली. माझा सीन आला. केवढा मोठा दिसतो मी! कौतुकाने पोरीकडे बघितलं. तिने पाय खुर्चीवर ओढून घेतलेले, दोन्ही कान घट्ट झाकलेले. मेघालीने तिला मांडीवर घेतलं.
दोघी तिथूनच खडवलीला गेल्या. मेघाली भांडली नाही. नीट जा, म्हणाली.
तलवार आपटते तो आवाज थिएटरवाले किती मोठा ठेवतात! लहान पोरं घाबरणारच. कंप्लेंट करणार आहे.
पण सान्वीने कान झाकले तेव्हा तलवार पडलीच नव्हती. माझ्या हातातच होती.