अंगठा पुसायचा नाही

प्रिय आत्या,

मोठ्ठा नमस्कार. (आईने सांगितलेला लांबलचक मायना लिहायला घेतला होता, पण तो संपायच्या आधी कागदच संपेल असं वाटलं.) तुझा गुडघा कसा आहे? चाकावर मातीकामाला बसताना उशी घेतेस ना? मी एकदम मजेत, फक्त आवाज बसलाय. त्याचंच कारण सांगायला बसलेय.

शनिवारी माझं पहिलं हस्तकला प्रदर्शन झालं. बाबांची अट तुला माहीतच आहे. तीसपैकी निदान पंधरा कप गेले तर मातीकाम चालू, नाहीतर सोमवारपासून त्यांच्या फरशीच्या दुकानात. तू शिकवलंस तसा प्रत्येक कपाच्या कानाखाली माझा अंगठा उमटवलेला होता. आणि कप बांधून द्यायच्या आधी त्यातली खोट आपल्याच तोंडाने सांगायची, हेही मी पाळलं. पण आत्या, हा नियम तुझ्या हाताला ठीक आहे गं. माझ्या कपांच्या खोटी सांगेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन जेवून परत येईल! पहिल्याच बाईंना मी इतक्या उत्साहाने सगळं सांगितलं, की त्यांनी कप हळूच खाली ठेवला, "काळजी घे हं बाळा" म्हणाल्या आणि गेल्या. शेजारचा साबणवाला म्हणाला, "ताई, माल विकताय की गुन्हा कबूल करताय?"

मग एक आजोबा आले. म्हणे, असले कप माझा नातू शाळेत करतो. मी म्हटलं, पाठवा ना त्याला, कान चिकटवायला मला कोणीतरी हवंच आहे. (हे उद्धटपणे नाही म्हटलं. खरंच हवंय.) ते हसले आणि एक कप घेऊन गेले. असं करत करत चार वाजेपर्यंत अकरा गेले.

तेवढ्यात गॉगलबाई आल्या. छपराखाली, सावलीत, गॉगल! त्यांचं गेस्टहाउस आहे. दोन कप शेजारी शेजारी धरून म्हणाल्या, हे सारखे नाहीत. मी म्हटलं, सख्ख्या बहिणी तरी कुठे सारख्या असतात? त्यांना ते आवडलं नाही. पण म्हणाल्या, "उरलेले सगळे घेते. फक्त हे खालचे डाग घासून काढ. पाहुण्यांना आम्ही सांगणार, आमच्याकडेच बनतात." सगळे, आत्या! शपथ सांगते, मी तोंड उघडलं ते 'हो' म्हणायलाच. बाहेर पडलं भलतंच. "तो डाग नाही, माझा अंगठा आहे. तो निघणार नाही." मग त्या बोलल्या, मी बोलले, "शिकाऊ ती शिकाऊ, वर एवढा माज" वगैरे झालं, आणि माझा आवाज तिथेच गेला. जाताना त्यांनी कप आपटला. मी तेवढं मात्र म्हटलं, की हळू ठेवा, त्याचा तळ आधीच वाकडा आहे. (नियम म्हणजे नियम.)

त्यानंतर एकही नाही. संध्याकाळी बाबा न्यायला आले तेव्हा मी कप कागदात गुंडाळत होते. बाबा आत आलेच नाहीत, गिऱ्हाइकासारखे समोर उभे राहिले. आणि अख्ख्या दिवसातलं सगळ्यात खवट गिऱ्हाईक तेच! "हा कान आहे की दाराची कडी?" "याला काय कंबरदुखी आहे का?" मीही घोगऱ्या आवाजात एकेकाची खोट सांगत गेले. त्यांनी घासाघीस केली, तोंड वाकडं केलं आणि चार कप घेतले. म्हणाले, दुकानातल्या माणसांना चहाला हवेच होते. मी काही मोजत बसले नाही. त्यांनी मोजले होते.

तर आज सोमवार आहे, आणि हे पत्र चिखलाच्या हातांनी लिहितेय. डाग पडले असतील तर ते अंगठेच समज.

तुझी लाडकी भाची

ता. क. भांडणाच्या भरात मी गॉगलबाईंना म्हटलं होतं, हवं तर माझ्या आत्याला विचारा, तीही हेच सांगेल. त्यांनी पत्ता मागितला. मी दिला. त्या गुरुवारी येतायत तुझ्याकडे.

ता. क. नंतरचा ता. क. मी त्यांना सांगितलंय की आत्या स्वभावाने फार शांत आहे. एक दिवस जमव ना गं, प्लीज. आणि दार उघडायच्या आधी हातातला मातीचा गोळा खाली ठेव.