लाल बटण नसलेली मोटर

मी, सुलेखा राजीव दाबके, वय एकाहत्तर, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी पढवलेलं नाही. मला पढवणं कोणाला जमलंही नसतं. परवा, गुरुवारी सकाळी, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. झडप खराब आहे असं डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांची अजून तक्रार नाही. यापूर्वी केलेलं कुठलंही मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावं.

मराठीत का, असं वकीलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, इंग्रजीत मी फार गुळगुळीत लिहिते, नोकरीत एकतीस वर्षं तेच केलं. त्या म्हणाल्या, चालेल, भाषांतर करून घेता येतं. फक्त दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदार आज चार वाजता येणार आहेत. आत्ता पावणेएक वाजला आहे. कलम सात लिहायचं आणि फाडायचं असं सकाळपासून दोनदा झालं आहे. आता तिसऱ्यांदा बसले आहे.

कलम १. घर. हे घर माझी मुलगी इला हिला द्यावं. ती सांता क्लाराला असते, इथल्या बर्फाला नाक मुरडते, तेव्हा विकणारच. विकू दे. मात्र गॅरेज आणि तळघर रिकामं करायला कंपनी बोलावण्याआधी तिने कलम आठ वाचावं. इला, घाई करू नकोस. तुला प्रत्येक गोष्टीची घाई.

कलम २. बँकेतले पैसे आणि पेन्शन फंड इलाला. याबद्दल अधिक काही लिहिण्यासारखं नाही.

कलम ३. चांदीची भांडी. ही माझ्या नणंदेला जाऊ नयेत. कारण तिला ठाऊक आहे.

कलम ४. पुस्तकं आणि हत्यारं. मोटरच्या वाइंडिंगवरची पुस्तकं कोणाला नको असतील तर रद्दीत जाऊ द्यावीत, वाईट वाटून घेऊ नये. मल्टिमीटर, पाने, पुली ओढून काढायचं यंत्र हे सगळं आमच्या ब्रूइंग क्लबाचा सेक्रेटरी वेदांत याला द्यावं. तो वस्तू जागेवर ठेवतो.

इथे एक खुलासा. मी बिअर करते, हे नेपरव्हिलमधल्या मराठी मंडळींना वीस वर्षं माहीत आहे आणि वीस वर्षं त्यांनी ते माहीत नसल्यासारखं केलं आहे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून काहीतरी आणायच्या जेवणाला, माझ्या बाटल्यांवर कोणीतरी "सरबत" अशी चिठ्ठी लावायचं. तेच सरबत पहिल्या अर्ध्या तासात संपायचं. नावं ठेवणाऱ्यांचे ग्लास मीच भरले आहेत, तेव्हा मला शहाणपण शिकवू नये.

कलम ५. धान्य भरडायची गिरणी. ही लहानशी, दोन लोखंडी रुळांची गिरणीसुद्धा वेदांतला. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, तिच्यातून भरडायचे. दाणा फुटला पाहिजे, पण टरफल शाबूत राहिलं पाहिजे. टरफलाचं पीठ झालं की पुढे पाणी निथळत नाही, सगळी खळ होऊन बसते. म्हणून रूळ सावकाश फिरवायचे, मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आत.

गिरणी हाताच्या दांड्यासकट द्यावी, मोटरीशिवाय. वेदांतने मोटर लावायची ठरवली तर माझ्या दोन अटी आहेत. एक, गिअरमोटर घ्यावी, जी मुळातच हळू आणि जोर लावून फिरते; पट्टा आणि पुलीच्या भानगडीत पडू नये. दोन, जास्त तापून बंद पडली तर माणसाने हाताने लाल बटण दाबल्याशिवाय जी पुन्हा चालू होत नाही, अशीच मोटर घ्यावी. या दोन्ही अटी माझ्या नाहीत. २०१८ साली याच गॅरेजमध्ये उभं राहून त्या देवदत्त श्रोत्री यांनी मला घातल्या होत्या. मी त्यांचं ऐकलं नाही.

कलम ६. देवदत्त श्रोत्री. हे माझ्या दिवंगत पतीचे, राजीवचे, शाळेपासूनचे मित्र. मला वहिनी म्हणतात. त्यांना मी या मृत्युपत्रात काहीही ठेवत नाही, एक चमचासुद्धा नाही. वाचणाऱ्याने याचा भलता अर्थ काढू नये. साक्षीदारालाच काही ठेवलं तर ते बाद होऊ शकतं, असं वकीलबाईंनी बजावलं आहे, आणि मला देवदत्त साक्षीदार म्हणून हवे आहेत. नुसती सही पाहायला नकोत. सहीच्या आधी त्यांनी माझ्यासमोर बसून कलम सात वाचायला हवं.

काल त्यांना फोन केला. सहा वर्षांतला पहिला. "वहिनी?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सही हवी आहे. "येतो. किती वाजता?" कशावर, कशाला, काही विचारलं नाही. असा माणूस आहे हा.

कलम ७. सत्यकथन. हे कलम मालमत्तेचं नाही, तरी ते वगळल्यास बाकीचं मृत्युपत्र मला मान्य नाही.

राजीव आधी गिरणी हाताने फिरवायचा. मग त्याने तिला ड्रिल मशीन जोडलं, ते तिसऱ्या खेपेला धूर काढून मेलं. तेव्हा मोटर लावायचं ठरलं. देवदत्त मेकॅनिकल, मी इलेक्ट्रिकल. आमची जुंपायची आणि राजीव मजा बघायचा. देवदत्त म्हणाले, "गिअरमोटर घ्या, वहिनी. आणि लाल बटणाची घ्या. बंद पडलेलं यंत्र आपणहून चालू होता कामा नये." मी म्हटलं, "भावजी, मी जन्मभर मोटरीच केल्यात. मला काय सांगता?"

गिअरमोटर मागवायची तर तीन आठवडे थांबावं लागणार होतं. मी डीकाल्बच्या बाजूला कोंबड्यांच्या एका बंद पडलेल्या शेडचा लिलाव होता तिथे गेले आणि हवा खेचणाऱ्या पंख्याची मोटर उचलून आणली. अर्ध्या हॉर्सपॉवरची, उत्तम. पट्टा आणि पुली लावून ती गिरणीला जोडली. पंख्याची मोटर तापली की आपोआप बंद होते, आणि निवली की आपोआप चालू होते. पंख्याला ते योग्यच आहे, छपरावर चढून बटण दाबायला कोण जाणार? तिच्या पाटीवर तसं स्पष्ट छापलेलं आहे. ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. एवढ्याशा गिरणीला ही मोटर तापणारच नाही, असं मी धरून चालले.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. त्या दिवशी माल्टबरोबर गहूही भरडायचा होता. गव्हाचा दाणा बारीक, म्हणून रुळांमधली फट मी सकाळीच कमी केली. पट्टा सरकतो म्हणून तोही ताणून ठेवला. स्विच वर करून गिरणी चालू करून दिली आणि फोडणी द्यायला आत गेले. थोड्या वेळाने आवाज थांबला. मला वाटलं, भरडून झालं. राजीवला वाटलं, देवदत्तने बंद केली. देवदत्तला वाटलं, राजीवने. दाणे अडकून रूळ गच्च झाले होते आणि मोटर तापून गप्प बसली होती. स्विचला कोणीही हात लावला नव्हता.

राजीवने अडकलेले दाणे काढायला बोटं घातली. देवदत्त मागे वळून बादली उचलत होते. मोटर निवली. चालू झाली.

किंकाळी ऐकून मी धावत आले. पहिल्यांदा मी स्विचकडे पाहिलं. माझ्या नवऱ्याचा हात रुळांत होता आणि मी स्विचकडे पाहिलं. तो वरच होता, मी केला तसा. मी तो खाली केला. त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं.

राजीवच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. तो दाताचा डॉक्टर. आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात जायचा, तेवढ्यावर खूश असायचा. तो दवाखाना बंद झाला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये देवदत्त भिंतीला टेकून उभे होते. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चालू कशी झाली? वहिनी, ती चालू कशी झाली?" त्या प्रश्नाचं उत्तर त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, "भावजी, कोपर कुठे लागतंय ते तरी बघायचं."

ही माझी एकच ओळ. त्यांच्या मनात तोवर कोपर नव्हतं. ते मी घातलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि नर्स आली तेव्हा म्हणाले, "आय मस्ट हॅव हिट द स्विच." त्यानंतर तेच सगळ्यांना सांगत राहिले. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

देवदत्त, तुमचं कोपर कुठेही लागलं नव्हतं. चालू असलेला स्विच धक्का लागून चालू कसा होईल? तुम्ही इंजिनियर आहात, दुसऱ्या कोणाच्या बाबतीत पाच मिनिटांत ओळखलं असतंत. स्वतःच्या बाबतीत तपासलं नाहीत, कारण मी सांगितलं होतं, आणि मोटरीच्या बाबतीत मी चुकत नाही अशी तुमची समजूत होती.

राजीव तुम्हाला "जाऊ दे रे" म्हणाला. पण त्याचा हात बघून तुमचा चेहरा पडायचा, आणि तुम्ही येणं सोडलंत. तो शनिवारी गॅरेजचं दार उघडून बसायचा. मी म्हणायचे, थंडी आत येते. तो म्हणायचा, येईल तो. मार्च २०२२ मध्ये तो गेला. फ्युनरल होममध्ये तुम्ही शेवटच्या रांगेत, कोट अंगावर तसाच ठेवून बसला होता. इलाने तुम्हाला काका म्हणणं सोडलं आहे हेही मला माहीत आहे. मी तिला तेव्हाच सांगू शकले असते. राजीव जिवंत होता ती सव्वातीन वर्षं रोज सांगू शकले असते. मी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, मला मोठेपणा सोडवला नाही. मी तुमचा मित्र तुमच्यापासून तोडला. मी फार वाईट वागले. याला दुसरा शब्द मला मराठीतही सापडत नाही.

कलम ८. ती मोटर. तळघरात, वॉटर हीटरच्या मागे, खाकी खोक्यात आहे. मी विकली नाही, फेकली नाही. इलाने ती देवदत्तनी पाहिल्याखेरीज भंगारात देऊ नये. माझ्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. पाटी वाचता येते.

कलम ९. अंत्यविधी साधा करावा. भाषणं नकोत. मंडळातल्या कोणी मी किती परखड होते असं बोलायला लागलं तर इलाने त्यांना खाली बसवावं. नको तिथे परखड होते, हवं तिथे तोंड शिवून बसले.

सव्वातीन वाजले. या खेपेला कागद शाबूत आहे. छातीत दुखत आहे, पण ते रोजचंच. त्यांनी वाचून कागद भिरकावला, सही न करता निघून गेले, तर मी अडवणार नाही. तसं झालं तर दुसरा साक्षीदार गुरुवारच्या आत कुठून आणू, मला माहीत नाही. दुसऱ्या कोणासमोर सही करायची माझी इच्छाही नाही.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मी तो पुन्हा वाचला आहे आणि खाली साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सुलेखा राजीव दाबके
नेपरव्हिल, इलिनॉय
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार पहिली: नैना वैशंपायन, शेजारी. मला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे दुसरे साक्षीदार अंकल माझ्यासाठी लिहीत आहेत: सुलेखाआंटी नीट शुद्धीवर होत्या. त्यांनी माझ्यासमोर सही केली. दे वर बोथ क्रायिंग, अँड आय डिडन्ट आस्क.

साक्षीदार दुसरा: देवदत्त श्रोत्री. सुलेखावहिनींनी माझ्यासमोर, शुद्धीत, स्वतःच्या हाताने सही केली. त्याची साक्ष म्हणून मी सही करतो. साक्षीदाराने एवढंच लिहायचं असतं, पण जागा आहे म्हणून पुढचं लिहितो.

कलम सात तीनदा वाचलं. तळघरात जाऊन पाटी पाहिली. खरं आहे.

वहिनी, सहा वर्षं मी माझ्या घरातला मिक्सरसुद्धा लावत नाही. माझी बायको पद्मिनी लावते आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहतो. तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल, आणि या कागदावर आता खोटं नको. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. तोवर मी थांबणार नाही. हे सगळं तुम्ही तुमच्या तोंडाने, पद्मिनीसमोर आणि इलासमोर, मला शेजारी उभं करून सांगायचं आहे. ते झाल्याशिवाय तुम्हाला मरता येणार नाही. गुरुवारी मी हॉस्पिटलमध्ये बाहेर बसून राहीन.

देवदत्त श्रोत्री