स्पेशालिस्टांचं उत्तर

बॅलीग्लास, काउंटी मेयो
१२ नोव्हेंबर

प्रिय डिंपना,

तू पाठवलेला मनुकांचा पाव शनिवारी पोचला. लोणी थापून अर्धा संपवलासुद्धा. लोणी कमी करा, असं तीस वर्षं पेशंटांना सांगत आलेली बाई मीच, हे कुणाला सांगू नकोस.

आपल्या कॉन्व्हेंटचे आता फ्लॅट झालेत. सिस्टर बेनिग्नस आपली नखं तपासायच्या, तिथे कुणाचं तरी कपडे धुवायचं मशीन घरघरतंय. काचेतून पाहत उभी राहिले. वाटलं, आतून आवाज येईल, "दुखतंय? कुरकुरू नकोस. ते दुखणं देवाला वाह, मेलेल्यांपैकी एखादा आत्मा शिक्षेतून सुटेल."

नोव्हेंबर हा मृतांचा महिना, म्हणून फादरांनी प्रार्थनेसाठी त्यांची नावं लिहायची पाकिटं वाटली. आई, बाबा, डेक्लन अशी नावं लिहिली. मग तुझ्या भावाचं, फिन्टनचं नाव लिहायला घेतलं आणि पेन टेबलावर ठेवलं. आठवडा झाला, पाकीट तिथेच आहे.

दवाखाना जूनमध्ये बंद केला, पण ती खोली घरातच आहे ना. दुपारी चहा घेताना भिंतीपलीकडून टाच आपटल्याचा आवाज येतो. एमएसच्या आजाराने पाय ताठ झाले की फिन्टनची टाच फरशीवर आपटायची, तसाच. पहिल्यांदा मी उठून पाहिलं. आता उठत नाही, कप हातात धरून बसते.

टाच आपटत असतानाही फिन्टन थट्टा करायचा. "काय डॉक्टरीणबाई, आमच्या त्या गवताचं काय झालं?"

"गवत नाही, फिन्टन. गांजाचं तेल. आणि स्पेशालिस्टांचं उत्तर आलेलं नाही."

"माझ्या गायीला काही झालं तर ढोरांचा डॉक्टर तासाभरात येतो. पुढच्या वेळी त्यालाच बोलावतो. चार पायांवर उभा राहीन म्हणावं, औषध दे."

आम्ही दोघं हसलो होतो. हो, मीसुद्धा.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस, "स्पेशालिस्ट डॉक्टर हेवरिननी चौदा महिने साधं उत्तर दिलं नाही, मी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली आहे, सोमवारी सुनावणी आहे. तूही दोन ओळी लिहून दे, अट्रॅक्टा. तुझ्याइतकं त्याच्यासाठी कुणी झटलं नाही." ती ओळ मी किती वेळा वाचली, सांगत नाही.

डिंपना, गांजाच्या औषधासाठी आरोग्यमंत्र्यांकडे अर्ज जातो. त्याला स्पेशालिस्टांची संमती लागते, आणि ती मागणारं पत्र मला लिहायचं होतं. मी लिहिलं. सहीही केली. पाकिटात घातलं आणि खणात ठेवलं. हेवरिन यांना ते कधी गेलंच नाही.

का, ते सांगायचा प्रयत्न करते. आमच्या शिक्षणात त्या औषधाबद्दल एक धडासुद्धा नव्हता. किती थेंब द्यायचे, कशाबरोबर द्यायचे नाहीत, काही ठाऊक नव्हतं, आणि साठीला आलेल्या बाईला आपल्या मुलाच्या वयाच्या डॉक्टरला विचारायची लाज वाटली. शिवाय डेक्लन. लंडनला गांजाच्या नादी लागून परतला तेव्हा तो बसच्या थांब्यावर भिंतीशी बोलत होता. आई मरेपर्यंत म्हणायची, "त्या धुराने माझं पोर खाल्लं." मी डॉक्टर झाले, तरी मनातून आईचंच खरं मानत राहिले. फिन्टन तेल मागायचा आणि मला डेक्लन दिसायचा.

पहिल्यांदा "उत्तर आलं नाही" म्हणाले, तेव्हा वाटलं, उद्या पाठवू. दुसऱ्यांदा ते वाक्य सहज आलं. शेवटच्या हिवाळ्यात त्याने विचारणंच सोडलं. एकदा एवढंच म्हणाला, "जाऊ दे डॉक्टर, मोठी माणसं, त्यांना काय वेळ." तेव्हा मी त्याला म्हणाले, "देवाला वाह, फिन्टन." सिस्टरांचं वाक्य, माझ्या तोंडून. त्याने मान डोलावली. माझ्यावर त्याचा विश्वास होता गं.

तो न्यूमोनियाने गेला, हे खरं आहे. तेलाने गुण आला असता की नाही, हेही मला माहीत नाही. काहींना येतो, काहींना नाही. पण ते कळायची संधी त्याला मिळाली नाही, आणि ती हेवरिननी नाकारलेली नाही. त्या माणसाला तर फिन्टन काय मागत होता हेही ठाऊक नव्हतं.

तू मागितलेल्या दोन ओळी मी लिहिल्या. "डॉक्टर हेवरिन यांना पत्र मिळालं नाही. ते मी पाठवलंच नव्हतं." खणातलं पाकीट सोबत जोडलं आणि काल परिषदेला रजिस्टर पोस्टाने धाडलं. तुला आधी कळवायला हवं होतं, तुझा हक्क होता. पण तसं केलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट बघत बसले असते, आणि वाट बघायला लावणं मला किती छान जमतं, ते तू आता जाणतेस.

तुझी (हा शब्द नको वाटला तर खोडून टाक),
अट्रॅक्टा