उद्या तुळशीदासकडे

१ सप्टेंबर २००५, गुरुवार.

टर्रर्र! वडिलांच्या काळी मांजरपाट फाडल्याचा हा आवाज आमच्या दुकानातून थेट समोरच्या शाळेत जायचा. मी चौथीच्या वर्गात झऱ्याची कविता म्हणत असे, आणि तो झरा मला कायम कापडाचाच वाटे. आज पहाटे तोच आवाज ऐकून जागा झालो. स्वप्न होतं. ओतूरच्या आमच्या दुकानात हल्ली तसा आवाज उमटत नाही. कापड फाडणारा तुळशीदास महिनाभर घरी बसला आहे.

आजपासून पर्युषण. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आम्ही जैन माणसं वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागतो. यंदा पहिला मान तुळशीदासचा. संवत्सरीपर्यंत थांबणारही नाही. उद्याच जाणार. दुकानातला हमाल चिमाजी त्याच्याच वस्तीत राहतो. त्याच्याकडून निरोप धाडला, शेठ उद्या सकाळी येतायत.

मन पिसासारखं झालं. दुपारी छान झोप लागली.

२ सप्टेंबर

गेलो नाही. रिकाम्या हाती कसं जायचं? क्षमेची कविता करून न्यावी असं ठरवलं. पहिली ओळ लगेच सुचली: 'कात्री तुझी सरळ रे, जीभ माझी वाकडी.' अशी ओळ रोज सुचत नाही.

घडलं ते एवढंच. लग्नसराईत तुळशीदासने एका पावण्याचा शर्टपीस वीतभर कमी कापला. दुकान भरलेलं. मी सहज म्हणालो, 'तुळशीदासाची कात्री, चुकायची खात्री!' हशा पिकला. कामाचं वातावरण हलकं ठेवणं हे मालकाचं कर्तव्यच आहे. पुढे स्टँडवरचे रिक्षावालेही ते म्हणू लागले, त्याला मी काय करणार? यमकच पक्कं बसलं होतं.

मग तो एकेक कापड तीन-तीनदा मोजू लागला. मग हात थरथरायला लागले. गिऱ्हाईक समोर आलं की घाम. नारायणगावच्या डॉक्टरांनी कामाचा मानसिक ताण सांगितला, झोपेच्या गोळ्या दिल्या. मी म्हणालो, कापडाच्या दुकानात कसला आलाय ताण? म्हणायला नको होतं. निदान त्याच्या तोंडावर.

निरोप: उद्या नक्की.

३ सप्टेंबर

पाऊस. गुडघा.

पेपरच्या पुरवणीत 'ऑफिसमधलं टेन्शन' असा लेख आला आहे. पूर्ण वाचला. कर्मचाऱ्याशी मोकळं बोला, त्याचं कौतुक करा, त्याला रिलॅक्स वाटू द्या. म्हणजे मी वर्षानुवर्षं करतोय तेच. कात्रण कापून ठेवलं. (कात्री हातात घेताच कसंसंच झालं. ॲसिडिटी असावी.)

कल्पेशला लेख दाखवला. पोरगा म्हणाला, पप्पा, तुम्ही दुकानात आलात की सगळेच तीनदा मोजतात. आजकालची मुलं वडिलांशी कशी बोलतात!

निरोप: उद्या, पाऊस असला तरी.

४ सप्टेंबर, रविवार

पाऊस होता.

पण बातमी उत्तम! चिमाजी सांगत आला, 'शेठ, तुळशीदास पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला व्हता. लई येळ बसला व्हता.' महिनाभर ज्याने दाढीला हात लावला नव्हता, तो! माझ्या नुसत्या निरोपाचा हा गुण. प्रत्यक्ष गेलो तर माणूस नाचायला लागेल. चिमाजीला सांगितलं, निरोप रोज देत जा, खंड पडू देऊ नकोस. औषधच आहे ते.

चिमाजीच्या चालण्यावरही एक ओळ सुचली. बोललो नाही. एकदाच बोललो.

५ सप्टेंबर

आमच्या जैन स्थानकात साध्वीजींचं व्याख्यान. म्हणाल्या, ज्यांच्याशी कधी वाकडं नाही त्यांची क्षमा मागत गावभर फिरणं सोपं असतं. जिथे जायला पाय जड होतो, तिथे आधी जा. बोलताना त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी मागे वळून पाहिलं. मागे खांब होता.

कविता अडली. 'वाकडी'ला 'काकडी'शिवाय यमक मिळेना. क्षमेत काकडी बरी दिसत नाही.

६ सप्टेंबर

तुळशीदासचं घर नदीपलीकडे, दहा मिनिटांची वाट. आज निघालोच होतो. पुलापर्यंत गेलो. पण पुढे सगळं ओलं गवत, आणि पर्युषणात गवत तुडवून जीवजंतू मारायचे? परत फिरलो. घरी बायकोला, रुक्मिणीला, कारण सांगितलं. ती डाळ निवडता निवडता म्हणाली, मुंग्यांची एवढी काळजी, आणि तुळशीदास काय दगड आहे?

तिला काव्य कळत नाही. जेवण गेलं नाही. तसा एकासनाचाच, एकदाच जेवायचा, दिवस होता.

खरं म्हणजे इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी गेलेलो नाही. चहासुद्धा घेतलेला नाही त्यांच्याकडे. तसा प्रसंगच आला नाही. त्याने बोलावलं होतं, पोरीच्या लग्नाला, घर बांधलं तेव्हा, बुद्धपौर्णिमेला. पण प्रसंग असा आला नाही.

निरोप: उद्या.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आज त्याच्याकडे गेलो तर शेजारीपाजारी जमणार, तो संकोचणार. त्याचाच विचार करून थांबलो.

चिमाजी म्हणाला, 'आजबी बसला व्हता. पर जरा वाळल्यासारखा दिसतोय, राव.' गोळ्यांनी होतं तसं.

कल्पेशने मोबाईलवर एक बटण दाबून सगळ्या गावाची क्षमा मागितली. क्षमा अशी मागतात? समोर जावं लागतं, डोळ्यांत बघावं लागतं. त्याला बराच वेळ समजावलं.

८ सप्टेंबर, संवत्सरी. संध्याकाळी पाच.

निर्जळी उपवास. सकाळपासून सोनार, डॉक्टर, पोस्टमास्तर, शाळेतले निवृत्त गुरुजी, सगळ्यांकडे हात जोडून आलो. सगळे म्हणाले, शेठ, तुम्ही कुणाला दुखावणार? बरं वाटायला हवं होतं.

आता सहाला स्थानकात प्रतिक्रमण, वर्षभराच्या पापांची कबुली. त्याआधी धावत जाऊन यायचं ठरवलं. काकडी ठेवूनच कविता पुरी केली. तेवढ्यात कडी वाजली.

दारात जानकाबाई. तुळशीदासची बायको. आमच्या पायरीला तिचा पाय आजवर कधी लागला नव्हता. आत या म्हटलं, आली नाही. उभ्या उभ्याच बोलली. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. म्हणाली, 'शेठ, तुमी येनार म्हणून आमचं मानूस रोज पहाटं चारला उठतंय. दाढी करतंय, शर्टाला इस्त्री करतंय. शेठ काय बोलतील, आपून काय बोलायचं, दिसभर त्येच घोकतंय. गोळी घेऊनबी डोळा लागंना झालाय. येनार आसाल तर आत्ता माझ्यासंगं चला. न्हाईतर येत न्हाई म्हणून एकदा सांगून टाका. मानूस झोपंल तरी.'

म्हटलं, आलोच बाई, फक्त चपला घेतो. आणि आत येऊन हे लिहितो आहे.

बाहेर ती थांबली आहे. खाकरली आताच.

आमच्या घरात चपला दाराबाहेर काढतात. ती त्यांच्याशेजारीच उभी आहे.